काटकोन मिस्त्रींची एकवीस दारं

हजेरीपत्रकात त्यांचं नाव वेगळं होतं, पण ते तिथेच राहिलं. साइटवर सगळे त्यांना काटकोन म्हणत. तोंडावर काटकोन मिस्त्री, पाठीमागे नुसतं काटकोन. भिंतीत चौकट बसवून झाली की एक डोळा मिटून ते तिच्याकडे इतका वेळ बघत राहायचे, की गवंडी वैतागून विचारायचा, "मिस्त्री, लग्न लावायचंय का तिच्याशी?"

"लग्न लागलं असतं तर इतकं कोण बघतंय," मिस्त्री म्हणायचे आणि परत ओळंबा धरायचे.

मी घरं बांधणाऱ्या एका कंपनीत खरेदी बघते. पदवी विज्ञानाची, आणि दाराबद्दलचं ज्ञान एवढंच, की ते उघडायचं आणि लावायचं. पहिल्या वर्षी दारांचे नमुने आले तेव्हा मी माहितीपत्रक हातात घेऊन जाडी, वजन, हमी असं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. मिस्त्रींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग एक दार आडवं करून त्याच्या टोकाशी उकिडवे बसले आणि मला म्हणाले, "ताई, खाली बसा. उभ्याने दार कळत नाही."

मी बसले. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नजर टाकली तर दाराच्या कडेला मध्येच पोट आलेलं दिसत होतं, पाणी भरलेल्या पिशवीसारखं. उभं असताना ते अजिबात दिसलं नव्हतं.

तेव्हापासून दार निवडणं हे आमचं दोघांचं काम झालं. फ्लश दार म्हणजे सपाट दार. कडेने लाकडी पट्ट्या, पोटात भराव आणि दोन्ही अंगांना पातळ प्लाय. मिस्त्री एका टोकाने दार उचलून बघायचे, जोखायचे. रंगाआधीचा प्रायमरचा थर नखाने खरवडायचे. दाराचा एक तुकडा कापून दोन दिवस बादलीत बुडवून ठेवायचे आणि तिसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलावर, माझ्या डब्याशेजारी, आणून ठेवायचे. "हा बघा तुमच्या हमीचा कागद," म्हणायचे. तुकडा कधी टणटणीत असायचा, कधी वहीसारखा पानं पानं सुटलेला.

प्रायमर मारून आलेली दारं त्यांना फारशी आवडत नसत. "प्रायमर मारलेलं दार म्हणजे इस्त्रीचा शर्ट," ते म्हणत. "आत बनियन फाटकं आहे का, ते कोण बघतंय." त्यांचा मेहुणा त्यांच्या हाताखाली काम करायचा. तो लगेच स्वतःचा शर्ट ओढून बनियन दाखवायचा. ते खरंच फाटकं असायचं.

पण इमारती वाढल्या, रंगाऱ्यांचे हात अपुरे पडायला लागले. दार कारखान्यातूनच प्रायमर मारून आलं की रंगाचा पहिला हात वाचतो, आणि बसवेपर्यंत दार ओल खात नाही. साहेबांनी ठरवलं, पुढच्या इमारतीला तशीच दारं घ्यायची, एका नव्या कारखान्याकडून. मिस्त्रींनी एकच अट घातली. "घ्यायचा तर सहाही अंगांना प्रायमर घ्या. वरची कड आणि खालची कड कोणाला दिसत नाही म्हणून कोणी रंगवत नाही. आणि दार पाणी पितं ते तिथूनच."

मला ते पटलं. मागणीपत्रात मी तसं लिहिलं, खाली रेघही मारली.

आता जे झालं ते नीट सांगायला हवं. दाराच्या पोटात, हाताच्या उंचीवर, भरीव लाकडाचा एक ठोकळा असतो. कुलूप त्या ठोकळ्यात बसतं. भरावात कुलूप बसवलं तर काही दिवस टिकतं, मग स्क्रू सैल होतात आणि कुलूप आतल्या आत घसरतं. आमच्या जुन्या कारखान्याच्या दारांत ठोकळा दोन्ही कडांना असायचा, त्यामुळे दार कसंही फिरवून बसवलं तरी चालायचं. नव्या कारखान्याचा ठोकळा एकाच कडेला. कुठल्या, ते कळावं म्हणून वरच्या कडेवर शिक्का मारत. मी सहाही अंगांना प्रायमर मागितला आणि शिक्का त्याखाली झाकला गेला. कारखान्याच्या ते लक्षात आलं होतं. त्यांनी मालाबरोबर एक कागद पाठवला: ठोकळ्याच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात खिळ्याने दोन बारीक टोचे मारले आहेत, सुतारास कळवावे.

तो कागद माझ्याकडे आला. मी त्यावरून नजर फिरवली, त्याला दोन भोकं पाडली आणि तो फाईलला लावला.

चार दिवसांनी दुपारी सासूबाईंचा फोन आला. शाळा सुटून तास झाला होता आणि मुलगा घरी आला नव्हता. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता. मी तशीच उठले. मुलगा दहा मिनिटं उशिरा आला तरी माझ्या डोळ्यांसमोर रस्ता, गाड्या, विहिरी, सगळं उभं राहतं. हसतात घरचे, पण माझा स्वभाव तो आहे. अर्ध्या वाटेत फोन वाजला. मला वाटलं सासूबाई. मिस्त्री होते.

"ताई, एक विचारायचं होतं. कुलपासाठी खाच पाडतोय तर काही दारांत भुसा वेगळाच पडतोय. पिठासारखा. ह्या दारांना ठोकळा कुठल्या बाजूला आहे?"

"दोन्हीकडे," मी म्हणाले.

"दोन्हीकडे? मग भुसा असा का?"

"अहो, नव्या दारांत ठोकळासुद्धा दाबलेल्या भुशाचाच करतात. आता सगळीकडे तसंच येतं."

हे मी कुठेही वाचलं नव्हतं. फोन लवकर ठेवता यावा म्हणून तिथल्या तिथे तयार केलं. त्यांनी माझं वाक्य शेजारच्या मेहुण्याला ऐकवलं. मग म्हणाले, "बरं. तुम्ही कागद वाचता, तुम्हाला माहीत."

मुलगा मित्राकडे कासव बघायला गेला होता. मी त्याला आधी एक रट्टा दिला आणि मग रस्त्यातच जवळ घेतलं. तो फोन माझ्या डोक्यातून पार गेला. मिस्त्रींना 'उद्या फाईल बघून सांगते' असं म्हणायला हवं होतं. ते थांबले असते. चौकटीसाठी अर्धा दिवस थांबणारा माणूस तो.

इमारत भरली, लोक राहायला आले. सात महिन्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात चार वर्षांची मुलगी खोलीत गेली आणि तिने दार लोटलं. कुलूप आत घसरलं आणि त्याची जीभ चौकटीत अडकून बसली. आतून मूठ फिरेना, बाहेरून किल्ली लागेना. तिची आई दीड तास दाराशी बसून तिच्याशी बोलत होती. आधी गोष्ट सांगत होती, मग गाणी म्हणत होती, मग नुसतंच "मी इथेच आहे" म्हणत होती. शेवटी शेजाऱ्यांनी पहारीने कुलूप उचकटून दार उघडलं. कुलपाच्या खाचेतून पिठासारखा भराव जमिनीवर सांडला होता. त्याचा फोटो आमच्या कार्यालयात आला.

साहेबांनी मिस्त्रींना बोलावलं. त्यांच्यामागे मेहुणाही आला. मी टेबलाच्या साहेबांच्या बाजूला बसले होते.

"इतकी वर्षं काम करता, ठोकळा कुठे आहे ते कळलं नाही?" साहेबांनी फोटो पुढे केला.

"शंका आली होती," मिस्त्री म्हणाले. "म्हणून मी विचारलं होतं."

"कोणाला?"

"ताईंना. फोनवर."

साहेब माझ्याकडे वळले. सांगायला चार शब्द पुरले असते. मला घराचे हप्ते आठवले नाहीत, नोकरी जाईल असंही वाटलं नाही. फक्त एवढंच आठवतंय की ती मुलगी चार वर्षांची होती, आणि त्या खोलीत हे माझ्यामुळे झालं असं मला माझ्या तोंडाने म्हणवेना.

"मला आठवत नाही," मी म्हणाले.

मेहुणा पुढे सरकला. "असं कसं आठवत नाही ताई? मी शेजारी होतो. भुशाचाच ठोकळा असतो म्हणालात तुम्ही."

मिस्त्रींनी त्याच्या दंडाला धरून त्याला मागे ओढलं. "आठवत नसेल तर नसेल," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना काम नव्हतं. आमच्या धंद्यात बातमी सिमेंटच्या ट्रकपेक्षा वेगाने फिरते. पंधरा दिवसांत गावभरच्या साइटवर "काटकोन चुकला" हा विनोद झाला. त्यांना कोणी दारं देईना. एका रंगाऱ्याकडून कळलं, की ते मोडक्या खुर्च्या दुरुस्त करतात आणि एका शाळेत बाकांचे पाय ठोकतात. रंगारी हसत हसत सांगत होता. मीही थोडं हसले. ते हसणं मला अजून खातं.

फाईल माझ्याच कपाटात होती. मी तो कागद फाडला नाही. फाडला नाही याचं मी मनात बरेच दिवस श्रेय घेत होते, जणू न फाडणं म्हणजे अर्धं खरं बोलणं.

चार महिन्यांनी इमारतीच्या रहिवाशांचं पत्र आलं. त्यांनी सगळी दारं तपासून घेतली होती. अठ्ठेचाळीसपैकी एकवीस दारांत कुलूप भरावात बसवलं होतं. दारं बदला किंवा दुरुस्त करा, आणि हे कसं घडलं ते लेखी कळवा, असं त्यांचं म्हणणं होतं. साहेबांनी पत्र माझ्यापुढे टाकलं.

"उत्तर तयार करा. सुताराच्या निष्काळजीपणामुळे, त्याला कामावरून कमी केलेलं आहे, वगैरे. दारांची खरेदी तुमची, म्हणजे सही तुमचीच लागेल."

मी लिहायला घेतलं. 'सुताराच्या' हा शब्द लिहिला आणि पुढे जाईना. तोंडाने बोललेलं हवेत जातं अशी मी इतके दिवस स्वतःची समजूत घातली होती. हे कागदावर राहिलं असतं, खाली माझ्या नावासकट, आणि घराघरांत वाचलं गेलं असतं. मी कपाटातून फाईल काढली, कारखान्याचा कागद सोडवला आणि साहेबांपुढे नेऊन ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "हा केव्हा आला होता?"

"मालाबरोबरच. मिस्त्रींनी मला विचारलं होतं. मी चुकीचं सांगितलं. आणि इथे बसून खोटं बोलले."

साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "आता का सांगताय? झाकली मूठ होती."

"सही होईना."

"मग खरं काय ते लिहा, माझी हरकत नाही," ते म्हणाले. "पण दारं कोण दुरुस्त करणार ते तुम्हीच बघायचं. मी त्याच्या दारात जाणार नाही."

मिस्त्रींचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत लोकांच्या खुर्च्या उलट्या टाकून ठेवलेल्या, पाय वर करून. त्यांच्या बायकोने मला बसायला दिलेली खुर्ची मिस्त्रींनी काढून घेतली. मला वाटलं, बसू देणार नाहीत. "हिचा पाय अजून ओला आहे, पडाल," म्हणाले आणि दुसरी पुढे केली. मेहुणा कोपऱ्यात काचकागद घासत होता. त्याने घासणं थांबवलं नाही.

मी सगळं सांगितलं. पाठ करून आले होते, तरी शब्द इकडचे तिकडे झाले.

"चार महिने लागले का ताई आठवायला?" मेहुणा म्हणाला. "आमची म्हातारी आहे घरात, तिलासुद्धा दोन दिवसांत आठवतं."

"तू गप," मिस्त्री म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "मॅडम, पत्र बरोबर आणलंय?"

इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदा मॅडम म्हणाले. मी पत्र दिलं. त्यांनी ते बायकोकडे दिलं आणि तिने ते उजेडाला धरून मोठ्याने वाचलं. 'सुताराने विचारणा केली असता मी चुकीची माहिती दिली' इथे ती थांबली आणि तेवढी ओळ परत वाचली.

"चुकीची नाही," मिस्त्री म्हणाले. "चूक सगळ्यांची होते. माझ्याही हातून दारं वाकडी बसलीत, मी उतरवून परत बसवलीत. तुम्ही मला भुशाची गोष्ट सांगितलीत. हातात पीठ येत होतं आणि मी हाताचं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं. त्याचं मला जास्त लागलंय."

त्यांच्या बायकोने पत्राची घडी घालून ते मला परत दिलं.

"दारं मी करीन," ते पुढे म्हणाले. "उतरवून उलटी करायची, म्हणजे ठोकळा कुलपाकडे येतो, आणि जुन्या खाचेत लाकूड भरायचं. एका दाराला अर्धा दिवस. पण पत्र वाचून कोणी मला घरात घेणार नाही. त्या तिसऱ्या मजल्याच्या बापाने मला रस्त्यात उभं करून विचारलं होतं, तुला पोरं आहेत का म्हणून. तेव्हा प्रत्येक घरात आधी तुम्ही शिरायचं. बोलायचं. मग मी हत्यारं आत आणीन."

"प्रत्येक घरात?"

"एकवीस दारं, सतरा घरं. पीठ कुठे कुठे पडलं होतं ते लक्षात आहे, मी मोजलीत."

"चालेल," मी म्हणाले.

"सुरुवात तिसऱ्या मजल्यापासून."

शनिवारी सकाळी आम्ही गेलो. मिस्त्री आणि मेहुणा हत्यारांची पेटी घेऊन जिन्याच्या वळणावर थांबले, मी घंटी वाजवली. मुलीच्या आईने दार उघडलं. माझ्यापेक्षा बरीच लहान होती, हाताला कणीक लागलेली. आत पाहिलं तर घरातल्या एकाही खोलीचं दार लावलेलं नव्हतं. प्रत्येक दाराखाली कपड्याची घडी अडकवून ठेवली होती, न्हाणीघराच्यासुद्धा.

मी सांगितलं. या वेळी शब्द इकडचे तिकडे झाले नाहीत. कागद आला होता, मी वाचला नाही, त्यांनी विचारलं तेव्हा मनाने सांगितलं, नंतर नाकबूल केलं. माझा मुलगा त्या दिवशी सापडत नव्हता हे मी सांगितलं नाही. घरून निघताना ते सांगायचं ठरवलं होतं. आई आहे, तिला समजेल असं वाटलं होतं. पण त्या घड्या बघितल्यावर ते बोलण्याची मला लाज वाटली.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावरून जिन्याकडे बघत विचारलं, "मिस्त्री ते का?"

"हो."

"ह्यांनी त्यांना काय काय ऐकवलं होतं." ती जिन्यापर्यंत गेली. "काका, या आत. चहा टाकते."

मिस्त्रींनी पेटी उचलली आणि चपला काढून ते आत गेले, मागोमाग मेहुणा. मीही पाऊल उचललं, तेव्हा तिने कणकेचा हात उंबऱ्यावर आडवा धरला. रागाने नाही. "तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. "ती घरात आहे. आज अनोळखी बाई नको."

मी जिन्यात उभी राहिले. आतून बिजागऱ्यांचे स्क्रू सुटल्याचा आवाज आला, मग रंध्याचा. मधेच मुलगी विचारत होती, "दार कुठे नेताय?" आणि मिस्त्री सांगत होते, "कुठे नाही. इथेच. उलटं करून परत लावायचं." "बंद होईल?" "तू म्हणशील तेव्हाच होईल. नाहीतर उभं राहील जिथल्या तिथे." मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. वरचे रहिवासी जाताना माझ्याकडे बघत होते. एकाने विचारलं, कोणाकडे आलात. मी त्यांनाही सांगितलं. त्यांच्याही घरात एक दार होतं.

साडेबाराला मिस्त्री बाहेर आले, अंगावर पांढरा भुसा. चपला घालताना त्यांनी भिंतीला हात टेकला.

"झालं?" मी विचारलं.

"दार झालं. दोन-तीनदा लावून बघितलं तिने, आईचा हात धरून. घडी मात्र काढू देत नाही अजून." त्यांनी पेटी मेहुण्याच्या हातात दिली. "दुपारी दोनला चौथ्या मजल्यावर. तिथल्या आजोबांना कमी ऐकू येतं. जरा मोठ्याने सांगावं लागेल, मॅडम."

"सांगीन," मी म्हणाले, आणि त्यांच्यामागून जिना उतरले.